पितरांच्या पंधरवड्यातलं प्रदर्शन

इंदू, तुझ्या फोटोला साधी काच आणि काळी पट्टी लावली आहे. प्रमोदला सोनेरी हवी होती, वेलबुट्टीची. "मावशी, फ्रेमवालीची मैत्रीण आणि अशी साधी फ्रेम? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तुझी आई असती तर तिने ती सोनेरी फ्रेम माझ्याच डोक्यात घातली असती. तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा. मग त्याने पिशवीतून हार काढला, तो चंदनाचा. तुझ्या मुलाने, फुलवालीच्या मुलाने! "रोज कोण बदलणार, मावशी?" तुझ्या वाटचं मी किती बोलू?

फोटो शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. तुझा एकही धड फोटो नाही. प्रत्येक फोटोत तू कोणाशी तरी बोलायला वळलेली, नाहीतर हात हलवून पुसट झालेली. शेवटी प्रदर्शनातल्या एका घोळक्यातून तुला कापून मोठी केली. खांद्यामागे कोणाच्या तरी चित्राचा कोपरा आला आहे. स्टुडिओवाला म्हणाला, मागचं सगळं पांढरं करून देतो. मी म्हटलं, राहू दे.

हे काम मला नवीन नाही, तुला माहीत आहे. राजापेठेत आपली दुकानं समोरासमोर. माणूस गेलं की घरचे आधी माझ्याकडे फोटो घेऊन यायचे, फ्रेम झाली की रस्ता ओलांडून तुझ्याकडे हाराला जायचे. गाड्यांच्या गर्दीतून फोटो छातीशी धरून रस्ता ओलांडणारी माणसं आपण दोघींनी इतकी पाहिली, की तू म्हणायचीस, "आर्धी अमरावती आपल्या दोघींच्या हातून वर गेली वं रेखा." आता तुझा फोटो माझ्या हातून गेला. खिळे मारताना हात जरा घाईत होता, एवढंच. रडले नाही. माझं रडणं होत नाही, दुसरंच काही होतं. कुठे बसवत नाही. दुकानात बसले की घरी काहीतरी राहिलंय असं वाटतं, घरी गेले की दुकानात. काल मापाची पट्टी हातात घेऊन तीच पट्टी शोधत होते. तुझ्या दुकानाकडे बघायचं टाळते आणि दिवसभर तिकडेच बघते.

म्हणून हे लिहायला घेतलं. बाकी लोक तुझ्याबद्दल लिहितील, कुठे जन्मली, काय केलं, किती हसतमुख होती. तू हसतमुख नव्हतीस. तू भांडखोर होतीस, आणि आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे.

ते सगळं सुरू झालं माझ्या माळ्यावरून. लोक मोठ्या हौसेने काहीबाही फ्रेम करायला टाकतात. मुलीचं भरतकाम, वडिलांनी पेन्सिलने काढलेला मारुती, सुनेने टिकल्या चिकटवून केलेला मोर. करून ठेवलं की न्यायला येतच नाहीत. फोन केला की "येतो येतो." असा ढीग माळ्यावर साचला होता आणि मी तो उपसून टाकायला निघाले होते. तू गिऱ्हाईक नव्हतं म्हणून माझ्याकडे येऊन बसली होतीस. भाद्रपदातली पितरं चालू होती. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, उद्घाटन नाही. फुलांना कोण विचारतं? माझ्याकडे मात्र त्याच दिवसांत जुन्या फोटोंच्या काचा बदलायला रांग लागते. मी घामाघूम आणि तू रिकामी.

"हे कोनकोनाचं हाये सगळं?" तू विचारलंस.

"न नेणाऱ्यांचं. उद्या भंगारात."

तू एकेक फ्रेम पदराने पुसत बसलीस. मग म्हणालीस, "घरी भिंत नसन म्हून नेत नसतीन. आपन त्याहिले भिंत देऊ."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. तू तशीच उठून बंडूभाऊंच्या मंगल कार्यालयात गेलीस. पितरांत मंगल कार्यालय म्हणजे नुसता रिकामा हॉल आणि खुर्च्यांचे मनोरे. बंडूभाऊ म्हणाले, "बाई, पितरांत माह्या हॉलले कुत्रं विचारत नाई. लावा काय लावायचं ते, फक्त भिंतीले खिळे ठोकू नका." तेव्हा मांडवाच्या बांबूंना दोऱ्या ताणून तू चित्रं टांगलीस, हार ओवायच्या जाड दोऱ्यावर. ते आपलं पहिलं प्रदर्शन.

मी पहिल्या दिवसापासून सांगत आले की हा पंधरवडा बदल. कोणी पाहुणा येत नाही. त्या वर्षी आपण एका पुढाऱ्याला बोलवायला गेलो होतो, आठवतं? त्याने चहा पाजला, आणि मग तारीख ऐकून खुर्चीत मागे सरकला. "ताई, तुमी मले पितरांत नारळ फोडायले बोलावून राहिल्या का? माह्यावर काय राग हाये का तुमचा?" बाहेर आल्यावर तू पायरीवर बसून पोट धरून हसलीस. "बरं झालं. आता कोनाचंच भाषन नाई." त्यानंतर आपल्या प्रदर्शनाला कधी फीत नाही, नारळ नाही, भाषण नाही. पितरांत कोणी नवी वस्तू विकत घेत नाही, म्हणून विक्रीही नाही. त्यावर तुझाच तोडगा. ज्याला चित्र आवडलं त्याने फ्रेमच्या कडीला दोरा बांधायचा आणि घटस्थापनेला येऊन घेऊन जायचं. लोकांना त्याची इतकी सवय झाली की नुसतं चित्र बघायला आलेली माणसंही खिशात दोरा घेऊन यायला लागली.

आणि येणार तेही कसे, तर कोणाकडे तरी पितरांचं जेवून. वडे, कढी, खीर पोटात. दुपारपासून मी दुकान आटपून येईपर्यंत आपल्या हॉलमध्ये पंख्याखाली खुर्च्या ओढून चित्रांसमोर पेंगणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनात पाहिली नाहीत. संध्याकाळी गल्लीतल्या मुली भुलाबाई घेऊन यायच्या, गाणी म्हणायच्या, डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायला लावायच्या, आणि पेंगणारे जागे होऊन ओळखायला लागायचे. "शेंगदाण्याचा लाडू!" "नाई!" "खोबऱ्याची वडी!" "नाई!" हे प्रदर्शन होतं की काय होतं, मला कधी कळलं नाही.

पण माझं खरं भांडण पंधरवड्याशी नव्हतं. तुझ्या नियमाशी होतं. जो जे आणेल ते लागणार. परत कोणालाच पाठवायचं नाही. "आनलं ना त्यानं? मंग लाव." त्यामुळे आपल्याकडे काय काय लागलं! माचिसच्या काड्यांचा ताजमहाल. आंघोळीच्या साबणावर कोरलेला गणपती, जो पंख्याच्या वाऱ्यानेही वास मारायचा. आणि गावंडेकाकांचा वाघ.

गावंडेकाका एसटीत ड्रायव्हर होते, चिखलदऱ्याच्या घाटात गाडी चालवायचे. निवृत्त झाल्यावर वाघ काढायला लागले. दुसरं काही काढत नाहीत. दरवर्षी एक वाघ, त्याच मापाचा, त्याच पिवळ्या रंगात, तसाच रस्त्यात उभा. दरवर्षी माझ्याकडे फ्रेम करायला येतो. मी फ्रेम करते, पैसे घेते, वाघाबद्दल बोलत नाही. धंद्यात बोलायचं नसतं.

याच वाघाच्या शेजारी आपण पल्लवीची चित्रं लावली. तुझ्याच वलगावची, तुझ्या माहेराच्या शेजारची पोरगी. ती घरातल्या कोपऱ्यांची चित्रं काढायची, कोळशाने. फवारणीचा पंप, भाजीचे रिकामे कॅरेट, भिंतीला टेकवलेली खाट. त्यांत माणूस नसायचा, पण आत्ताच कोणीतरी उठून गेलंय असं वाटायचं. मी हजारो चित्रांना काचा घातल्या आहेत, इंदू. मला चित्रातलं फार कळत नाही, पण कुठल्या चित्राला काच घालताना हात थांबतो ते कळतं. पल्लवीच्या चित्राला माझा हात थांबला. आणि आपण ते वाघ आणि साबणाचा गणपती यांच्या मधे टांगलं. लोक वाघाला हसायचे आणि त्याच हसण्यात पुढे जायचे.

मग अकोल्याला वेगळं प्रदर्शन भरवून मी माझं म्हणणं खरं करून दाखवलं. माझं माहेर, ओळखीचा हॉल, दिवाळीनंतरचे दिवस. निवड केली. पाहुणे बोलावले. पल्लवीला एक अख्खी भिंत दिली, वरून नीट उजेड सोडला. लोक थांबले. एक बाई त्या खाटेसमोर इतका वेळ उभी राहिली की तिच्या नवऱ्याने तिला दोनदा हाक मारली. अकोल्याचं प्रदर्शन चांगलं झालं होतं. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

परतताना बसमध्ये तू खिडकीशी बसली होतीस. बडनेरा आलं. मग म्हणालीस, "चांगलं झालं. पन तिथं कोनी बसलं नाई."

"खुर्च्याच नव्हत्या ठेवल्या."

"तेच म्हनून राहिली मी."

मी इतकी चिडले की राजापेठ येताच तुझ्या आधी उतरून चालायला लागले.

त्यानंतर पल्लवी आपल्याकडे आली नाही. तू तिच्या घरी जाऊन आलीस, तिने चहा दिला आणि चित्रं नाही दिली. मी म्हणत राहिले की तुझ्या नियमाने ती पोरगी गेली. तू म्हणत राहिलीस, "येईन ते. कावून नाई येनार?" आणि यंदा पोळ्याच्या आधी, बैलांच्या माळांची ऑर्डर होती तेव्हा, मी तुझ्या दुकानात येऊन उभी राहिले आणि जे इतकी वर्षं मनात होतं ते बोलून टाकलं. तू झेंडू ओवत होतीस. मी म्हटलं, "तू सगळ्यांना लावतेस इंदू, म्हणजे तू कोणालाच बघत नाहीस. तुला चित्राशी काही घेणंदेणं नाही. तुला नुसता हॉल भरलेला हवा."

तुझी सुई थांबली. तू मान वर केलीस. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जण उतरला, बैलजोडीसाठी माळा पाहिजे म्हणाला. "थांब," तू मला म्हणालीस, "याचं करून देऊ दे. मंग सांगीन तुले." त्याला घाई होती, मलाही होती, दुकानात काच कापायला माणूस आला होता. मी आले निघून. दोन दिवस पोळ्याच्या गर्दीत तुला मान वर करायला वेळ नव्हता. मग तू गेलीस.

तुझ्या तेरवीला प्रदर्शनाचं निघालं. पंगत उठली होती, बंडूभाऊ सुपारी कातरत बसले होते. प्रमोद म्हणाला, "मावशी, यंदा पितरांत नको. आईच नाही तर कोण करणार? डिसेंबरात करू, नव्या सभागृहात. मोठं. आईच्या नावाने पुरस्कार ठेवू. निवड समिती बसवू. पाहुणे बोलावू. तुमचं तर हेच म्हणणं होतं ना आधीपासून?"

हेच म्हणणं होतं. शब्दन् शब्द माझा. बंडूभाऊ म्हणाले, "बराबर हाये. इंदूबाईच्या नावाले शोभंन असं झालं पाह्यजे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

तिथून माझं बिनसलं. कॅरम खेळताना समोरचा अर्ध्यात उठून जावा आणि कोणीतरी म्हणावं, घ्या, सगळ्या सोंगट्या तुमच्या, तसं झालं. इतकी वर्षं भांडून जे मला मिळालं नाही ते तुझ्या तेरवीच्या जेवणावर मिळालं, आणि वर त्याला तुझं नाव. मी घरी येऊन कपाट आवरलं. मग भांड्यांची मांडणी आवरली. मग बहिणीला अकोल्याला फोन केला आणि तिने हॅलो म्हणताच ठेवून दिला.

पण एक गोष्ट आम्ही सगळे विसरलो होतो. गणपती विसर्जनाच्या आधी सगळ्यांना निरोप द्यायला हवा होता, की यंदा पितरांत प्रदर्शन नाही. आपल्याकडे सांगायची गरजच कधी पडली नाही, तू तशी सवयच लावून ठेवली आहेस. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले की दुसऱ्या दिवसापासून लोक आपापलं घेऊन माझ्या दुकानात येतात. यंदाही आले. शटर वर करते तर एक बाई पायरीवर, मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी. तिला सांगितलं, यंदा नाही, डिसेंबरात, अर्ज भरा, निवड होईल. तिने गाठोडं उचललं आणि गेली. काय होतं त्यात ते मी विचारलंही नाही. दुसऱ्याला सांगितलं. तिसऱ्याला सांगताना माझा आवाज मलाच सरकारी वाटायला लागला.

मग गावंडेकाका आले, वाघ बगलेत.

"यंदा नाही काका. डिसेंबरात."

"डिसेंबरात काय पितरं असतेत का?"

"पितरांचा काय संबंध? मोठं प्रदर्शन आहे. इंदूच्या नावाने पुरस्कार आहे."

काकांनी वाघ काउंटरवर ठेवला. "इंदूबाईचं यंदा पहिलंच पितर हाये. अन् यंदाच बंद? हे कोनत्या डोक्यातून निंघालं?"

"माझ्या," मी म्हटलं. "आणि निवड होणार आहे. समिती ठरवेल काय लावायचं ते."

"मंग समिती कायले पाह्यजे? तुमी आत्ताच सांगा. वाघ होते का नाई सिलेक्ट?"

त्या दिवशी मी कोणाचंही ऐकून घ्यायच्या स्थितीत नव्हते. मी म्हटलं, "नाही होत. काका, तुमचा वाघ वाघासारखा दिसत नाही. कधीच दिसला नाही."

मला वाटलं म्हातारा माणूस, दुखावेल. काका खुर्ची ओढून बसले. तोंडावर हसू.

"हे तं इंदूबाई दरसाल सांगे."

"काय?"

"वाघ जमला नाई म्हने. आधी कान. गावंडेभाऊ, हे कान वाघाचे नाई, सश्याचे हायेत. दुसऱ्या साली कान बदलून आनले तं म्हने, शेपूट उचलून कावून उभा हाये, याले कोनी हाकलून राह्यलं का? शेपूट खाली केली. मंग पाय. मंग पट्टे. पोट भरलेलं वाटते म्हने, वाघ उपाशी पाह्यजे. दरसाल एक सांगे. एकच. दुसरं विचारलं तं म्हने, ते पुढच्या साली. म्हून तं तोच वाघ काढून राह्यलो मी. तुमाले काय वाटलं, मले दुसरं काई येत नाई?"

मला तेच वाटलं होतं. सगळ्यांनाच तेच वाटलं होतं.

"कधी सांगायची ती हे?"

"दुपारी. तुमी दुकानावर राहा ना तवा. सगळे झोपले की एकेकाजवळ खुर्ची घेऊन बसे. त्या साबनवाल्याले तं रडवलं होतं एकदा."

तर हे तुझं उत्तर होतं का, इंदू? हेच सांगणार होतीस, माळा करून दिल्यावर? इतकी वर्षं माझी दुपार काचा बदलण्यात गेली आणि तुझी खुर्च्या ओढण्यात. तू एकदाही बोलली नाहीस. मी बसमध्ये चिडले तेव्हाही नाही. मला तुझा राग आला. तू असतीस तर त्याच पावली रस्ता ओलांडून आले असते आणि गिऱ्हाइकासमोर भांडले असते.

काका गेल्यावर मी बंडूभाऊंकडे गेले. म्हटलं, हॉलची किल्ली द्या.

"ताई, पन आपन तं डिसेंबर..."

"डिसेंबरचं डिसेंबरात. किल्ली द्या."

"प्रमोदले विचारलं का?"

"त्याला मी सांगते. विचारत नाही."

प्रमोदला सांगितलं. तो गोंधळला. "मग तुमचं म्हणणं काय आहे नेमकं, मावशी?" मी म्हटलं, डिसेंबरात निवड होईल, पुरस्कार होईल, मी स्वतः उभी राहून करेन. आणि आत्ता हे होईल. तो म्हणाला, दोन दोन कशाला? दोरा मात्र त्याने दिला, तुझ्याच रिळातला.

पायरीवरच्या त्या बाईला शोधत मी दोन गल्ल्या फिरले. सापडली. गाठोड्यात गोधडी होती. तिला म्हटलं, आणा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाली, "सकाळी वेगळं बोलल्या तुमी." आणली मात्र.

पल्लवीलाही फोन केला. तिला सगळं सांगितलं, तुझ्या दुपारच्या खुर्चीचंही. मग ती म्हणाली, "ताई, इंदूमावशी माझ्याजवळही बसायच्या. चांगलं सांगायच्या. पण मला तिथं परत नाही लावायचं. लोक हसत जातात ते मला सहन होत नाही. मावशींना मी सांगितलं होतं." मी डिसेंबरचं विचारलं. त्याला हो म्हणाली. तेव्हा हे ऐकून ठेव: त्या पोरीच्या बाबतीत मी बरोबर होते. तू तिच्याजवळ बसलीस, तिला बघितलंस, तरी ती गेली. नुसतं बसून सगळं होत नाही. यावरून मी तुला सोडणार नाही.

आता प्रदर्शन लागलं आहे. बांबू, दोऱ्या, बंडूभाऊंच्या खुर्च्या, दुपारी पेंगणारी माणसं, सगळं तसंच. दुकान दुपारभर बंद ठेवते. काचांची रांग खोळंबली आहे, लोक कुरकुर करतात. आणि मी खुर्ची घेऊन बसते. मला बसता येत नाही हे तुला माहीत आहे. पाय हलत राहतो, हात काहीतरी शोधत राहतो. गोधडीवालीला म्हटलं, कडेचा टाका मधल्यापेक्षा मोठा झालाय. ती म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन झालं ना मधात." मग आम्ही दोघी त्या कडेकडे बघत बसलो. दुसऱ्या एकाला काहीच सांगता आलं नाही, तसंच सांगितलं. तू काय शोधून काढायचीस कोण जाणे.

काल गावंडेकाका आले. कुठेतरी जेवून आले होते, कपाळाला गंध. वाघासमोर खुर्ची ओढली, दुसरी माझ्यासाठी ओढली. "बोला रेखाबाई. यंदा तुमची पाळी."

मी त्या वाघाला इतक्या वेळा काच घातली, पण समोर बसून कधी पाहिला नव्हता. कान बरोबर होते. शेपूट, पाय, पट्टे, पोट, सगळं तू एकेक करून बसवून घेतलं होतंस. तरी वाघ जमला नव्हता. का, ते शोधायला मला बराच वेळ लागला. मग मी काकांकडे पाहिलं, मग परत वाघाकडे.

"डोळे," मी म्हटलं. "काका, हे डोळे वाघाचे नाहीत. तुमचे आहेत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उठून अगदी जवळ जाऊन उभे राहिले. आजूबाजूचे दोघेतिघे जागे होऊन येऊन बघायला लागले. कोणी म्हणालं, "हो बापा, काकाचेच हायेत!" हसायला मात्र कोणी लागलं नाही.

"घाटात उतरत्या उन्हात भेटला होता मले," काका म्हणाले. "गाडीत पॅसेंजर नव्हते. मी ब्रेक मारला. तो हालला नाई. मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं माह्याकडं." काचेवर बोट ठेवत म्हणाले, "इंदूबाईनं डोळ्याचं कधी काई म्हटलं नाई."

मग त्यांनी मला विचारलं, "मंग बदलू का?"

तू कान पाहिलेस, शेपूट पाहिलंस, पोट भरलेलं आहे की उपाशी ते पाहिलंस. डोळे तुला दिसले नसतील हे मला पटत नाही. मग तू ते राहू दिलेस, की शेवटच्या वर्षासाठी ठेवले होतेस? त्याच क्षणी मला ते कळायला हवं होतं, आणि काका माझ्याकडे बघत उभे होते.

मी म्हटलं, "बदला. वाघ काढायचा तर डोळे वाघाचेच पाहिजेत."

मला अजूनही ते बरोबरच वाटतं. कोणीही पाहिलं तरी हेच म्हणेल. पण तेव्हापासून मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारते आहे आणि मला वाटत राहतं, आत्ता कोणीतरी मागून ओरडावं, "कावून वं रेखा, तुले काय कळते त्यातलं?" आणि मी वळून भांडावं, चांगलं कडकडून. हॉलमध्ये इतकी माणसं होती, इंदू. मी "बदला" म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.